भाकरी करणारीलाही पंगतीत जागा हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बाहेरच्या खाण्यामुळे घरोघरच्या चुली थंडावत चालल्या आहेत, अशी खंत व्यक्त करणारी वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचत आहे. त्या पत्रांमागची कळकळ मला समजते, कारण घरच्या जेवणाची गोडी मलाही तितकीच आहे. मात्र त्या सगळ्या पत्रांत चूल पेटवणारी बाई स्वतः कधी आणि कोठे बसून जेवते, हा प्रश्न कोणीच विचारलेला दिसला नाही. तो विचारावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे; जागेअभावी काटछाट करावी लागली तर अवश्य करावी, एवढेच की भाकरीविषयीचा मजकूर तेवढा राहू द्यावा.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त मलेशियात, क्वालालंपूरला लागून असलेल्या पेतालिंग जया या शहरात राहतात. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून त्या देशात तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, म्हणून गेल्या एप्रिल महिन्यात मी आणि माझे यजमान अठ्ठावीस दिवसांसाठी तेथे जाऊन आलो. लेकीकडे जाताना आपल्याकडची आई जे नेते तेच मीही नेले होते: ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, भाजून कुटलेला ठेचा आणि थोडा काळा मसाला. परक्या मुलखात लेकरांच्या पोटाचे हाल होत असतील, आपण महिनाभर त्यांना नीट करून घालू, अशा विचाराने मी गेले होते.

पहिल्याच संध्याकाळी भाकरी करायला उभी राहिले. तवा ठेवला, पीठ मळले, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे 'तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते' असे म्हणाले. जावई ताटे मांडत होते. ते म्हणाले, "आई, तुम्ही आल्याशिवाय आम्ही बसणार नाही." मी दोनदा आग्रह केला, तरी कोणी बसेना. माझी सहा वर्षांची नात पाण्याचे पेले भरून ठेवत होती, तीही आजी कधी येणार म्हणून दारात उभी राहिली. शेवटी मी पाचही भाकरी आधी करून घेतल्या, फडक्यात गुंडाळून टेबलावर नेल्या आणि सगळ्यांबरोबर बसले. भाकरी तोवर निवली होती आणि थोडी चिवटही झाली होती. यजमानांनी एक शब्द न बोलता ती खाल्ली. घरची सगळी माणसे एकाच वेळी जेवत आहेत आणि मीही त्यांत आहे, असे एखादा लग्नसमारंभ सोडला तर यापूर्वी कधी घडले होते, हे मला त्या रात्री आठवेना.

मुलीने नंतर सांगितले की, ही रीत त्यांनी तेथे राहूनच उचलली. मलेशियातील घरगुती जेवण मुख्यतः भाताचे असते. भात विजेच्या कुकरमध्ये आधीच होऊन राहतो, एखादी कालवणाची भाजी, एखादी परतलेली पालेभाजी, तिखट चटणीची वाटी, जे असेल ते सगळे तयार करून टेबलाच्या मध्यावर ठेवतात आणि मग सगळे मिळून बसतात. ज्याला जे हवे ते त्याने वाढून घ्यायचे. पदार्थ जिभेला पोळण्याइतका गरम असावा असा तेथे कोणाचा हट्ट नसतो, त्यामुळे तव्यापाशी एकीने उभे राहण्याची वेळ येत नाही. संपादक महोदय, मला येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण हा मुद्दा इतका साधा आहे की तो आयुष्यभर माझ्या लक्षात आला नव्हता. आपल्याकडची बाई मागून जेवते त्याला मानपान, रूढी, सासुरवास अशी कारणे आपण देतो, आणि ती आहेतच. पण तव्यावरची भाकरी हेही त्यामागचे एक रोखठोक कारण आहे. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून ते गरम पाण्यात एका भाकरीपुरतेच मळून लगेच थापावे लागते. टोपलीभर पीठ मळून ठेवता येत नाही. भाकरी फुगली की ती तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, अशी खाणाऱ्याची अपेक्षा. चार माणसांच्या घरात आठ-दहा भाकरी थापायच्या म्हणजे पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात बाकीच्यांचे जेवण होऊन ते हात धुवायला उठलेले असतात. मग उरलेल्या रस्स्यात, उरलेल्या भाकरीवर, बहुधा ओट्यापाशीच तिचे जेवण उरकते. माझ्या आईचे असेच झाले, माझे असेच झाले, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

याला उपाय नाही असे नव्हे. तो आपल्याच भागात आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात कडक भाकरी करतात. पापडासारखी वाळलेली ती भाकरी आठवडाभर टिकते, आणि दही, शेंगाची चटणी, कच्चा कांदा यांच्याबरोबर तिला तोड नाही. सकाळच्या भाकरीचा काला ताकात कुस्करून खाण्याची रीतही आपल्याकडचीच. वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या शेतातल्या सणाला, तर आपण हेच करतो. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, खीर हे सगळे आदल्या रात्रीपासून करून शेतात नेतो, आणि पूजा झाल्यावर खोपीपुढे घरची बाई, गडी, पाहुणे, वाटसरू असे सगळे एकत्र जेवायला बसतात. वर्षातून एक दिवस शेतात जे सहज जमते, ते घरात आठवड्यातून दोन दिवस तरी का जमू नये? महिनाभरात आम्ही मुलीकडे हीच सवय लावून घेतली. भाकरी आधी, पंगत नंतर, आणि पंगतीत सगळे.

आता घराबाहेरच्या खाण्याविषयी. मुलगी-जावई आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेर खातात हे कळल्यावर मी आधी नाराज झाले होते. बाहेर खाणे म्हणजे वाढदिवस, पाहुणे, रंगीत दिवे आणि मोठे बिल, असेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. तेथे मात्र बाहेर खाणे ही घरच्या कपड्यांत, पायात चपला सरकवून, कोपऱ्यापर्यंत चालत जाण्याइतकी साधी गोष्ट आहे. त्यांच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर एक 'मामाक' आहे. तमिळ मुसलमान कुटुंबांनी चालवलेल्या खाणावळींना तेथे मामाक म्हणतात. मामा या अर्थाच्या तमिळ शब्दावरून हे नाव पडले. बाजू उघड्या, वर पंखे, लोखंडी टेबले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका भिंतीला हात धुण्याचे बेसिन आणि त्यावर साबण. अनेक मामाक चोवीस तास उघडे असतात. साधी रोटी दोन रिंगिटच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या चाळीसेक रुपयांत मिळते.

त्या रोटीला 'रोटी चनाई' म्हणतात. ती करणाऱ्याकडे मी अर्धा-अर्धा तास पाहत बसे, कारण आयुष्यभर पीठ हाताळलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातातले पीठ पाहण्यात वेगळाच आनंद असतो. मैद्याचे तेलात मुरवलेले गोळे त्याच्यापुढे रांगेने मांडलेले असत. त्यातला एक उचलून तेल लावलेल्या लोखंडी ओट्यावर तो तळहाताने पसरायचा, मग दोन्ही हातांनी कड धरून हवेत गरकन फिरवून आपटायचा. दोन-तीन फटक्यांत गोळ्याची ओढणीइतकी पातळ पोळी होई, इतकी की खालच्या ओट्याचा रंग दिसावा. ती चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर टाकायची, आणि भाजून निघाली की ओट्यावर ठेवून दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखी दाबायची, म्हणजे तिचे पदर सुटतात. मला पाहून एकदा त्याने तमिळमध्ये काही विचारले. मी हातानेच भाकरी थापण्याची खूण करून दाखवली. त्याला कळले असावे, कारण तो हसला आणि त्यानेही हवेत तीच खूण केली.

मी शाकाहारी आहे, आणि मलेशियात शाकाहारी माणसाला जपून राहावे लागते. तेथील बहुतेक तिखट चटण्यांमध्ये, ज्यांना 'सांबाल' म्हणतात, 'बलाचान' नावाची आंबवलेल्या कोळंबीची वडी असते. 'नासी लेमाक' हा तेथील लाडका पदार्थ. नारळाच्या दुधात केवड्याच्या जातीच्या पांदान पानांबरोबर शिजवलेला तो भात पोटभर खावा असा असतो, पण त्यावर सुकी मासळी घालतात. रोटीवर डाळ ओततानासुद्धा वाढपी त्यात माशाच्या रश्शाची पळी मिसळतात. म्हणून मुलीने मला 'दाल सहाजा', म्हणजे फक्त डाळ, हे दोन शब्द पहिल्याच दिवशी पाठ करायला लावले. ते शब्द पुरले. आमच्या टेबलावर जावई माशाचा रस्सा, मी डाळ-रोटी, यजमान डोसा आणि नात गोड पावाचा तुकडा असे चौघांचे चार प्रकार येत, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

आजूबाजूच्या टेबलांवरही तसेच चित्र असे. एका टेबलावर डोक्याला रुमाल बांधलेल्या मलय महिला, दुसऱ्यावर तीन पिढ्यांचे चिनी कुटुंब, तिसऱ्यावर कारखान्यातून सुटलेले तमिळ कामगार. मामाकमध्येच हे सगळे का जमतात, याचे जावयांनी सांगितलेले कारण मला पटले. चिनी खाणावळींत डुकराचे मांस शिजते म्हणून मलय मुसलमान सहसा तेथे जात नाहीत. मामाकमधले अन्न हलाल असते, त्यामुळे त्यांची अडचण होत नाही. गोमांस न खाणाऱ्या हिंदूला डाळ-रोटी-डोसा मिळतो. आणि चिनी माणसाला तेथे बसण्यात काहीच आडकाठी नाही. प्रत्येकाने आपापले पथ्य सांभाळूनही एका छपराखाली बसता येईल अशी ती जागा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीचा समावेश केला. त्यात नासी लेमाक, रोटी चनाई आणि 'तेह तारिक' हा उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा, यांची नावे आहेत. या पदार्थांपैकी एक मलय, तर दोन भारतातून गेलेल्या लोकांच्या हातचे, आणि तरीही सगळा देश त्यांना आपले मानतो, याचे मला फार अप्रूप वाटले.

आणखी एक रीत मला आवडली. बांधून नेण्याला तेथे 'तापाऊ' म्हणतात. पुष्कळ घरांत भात घरी लावतात आणि एखादे कालवण किंवा भाजी तापाऊ करून आणतात, किंवा कधी याच्या उलट करतात. अर्धे घरचे आणि अर्धे बाहेरचे असे ताट तेथे कोणाला कमीपणाचे वाटत नाही. आपल्याकडे भाकरी घरी करून भाजी खाणावळीतून आणली, तर शेजारीण 'आज बरं नाही का?' असे विचारते. दिवसभर कार्यालयात, शाळेत, शेतात राबून आलेल्या बाईला एका पदार्थापुरती सुटी घ्यायलाही आजाराचे निमित्त लागते, हे काही बरे नाही.

घर आणि बाहेर यांच्यामध्ये तेथे उंच भिंत नाही, हे मला दर मंगळवारी भरणाऱ्या रात्रीच्या बाजारातही दिसले. त्याला 'पासार मालम' म्हणतात. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त दिवस कलल्यावर भरणारा. वस्तीतला एक रस्ता वाहनांना बंद करतात आणि भाजी, कपडे, मासळी यांच्या शेजारी तयार खाण्याच्या गाड्या लागतात. तेथे 'आपाम बालिक' म्हणून जाळीदार घावनासारखा एक पदार्थ मिळतो. आत भरड कुटलेले शेंगदाणे आणि साखर भरून तो दुमडतात. तो तोंडात टाकल्यावर यजमान म्हणाले, "हे तर आपल्या शेंगाच्या पोळीचं भावंडं आहे." शेजारी उसाच्या रसाचा चरकही होता. लातूरच्या माणसाला परदेशात शेंगदाणा आणि ऊस एका जागी भेटले, यापरते सुख कोणते?

आम्ही गेलो तेव्हा रमजान ईद नुकतीच झाली होती. ईदनंतरचा महिनाभर मलय कुटुंबे 'रुमाह तरबुका', म्हणजे उघडे घर, ठेवतात. शेजारी, सहकारी, कोणत्याही धर्माचे परिचित येऊन जेवून जातात. समोरच्या घरातील बाईंनी आम्हालाही बोलावले. मी काय खात नाही हे मुलीने आधीच कळवले होते, म्हणून त्यांनी माझ्यासाठी नारळाच्या झावळीच्या विणलेल्या डबीत शिजवलेला भात आणि कोळंबीशिवाय केलेली शेंगदाण्याची आमटी वेगळी काढून ठेवली होती. निघताना त्यांनी डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी तो रिकामा कसा परत करायचा, म्हणून मी पुरणपोळ्या घालून नेला. त्या बाई डबा उघडून हसल्या आणि मुलीला म्हणाल्या की, भांडे रिकामे परत न करण्याची रीत आमच्याकडेही आहे. लातूरला आमच्या गल्लीत ईदला शीरखुर्म्याची वाटी येते आणि दिवाळीला त्याच वाटीतून फराळ जातो, हे मी त्यांना सांगायला लावले. तेथील माणसे भेटल्यावर 'सुदाह माकान?' असे विचारतात. त्याचा अर्थ 'जेवलात का?' असा आहे. मराठवाड्यातल्या माणसाला याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही.

तेथे सगळेच आदर्श आहे असे मात्र मी म्हणणार नाही. चहात आटवलेले गोड दूध, सरबतांत साखर, डाळीतही गोडसर चव. तेथील २०२३ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार सहा प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. चहा सांगताना 'कुरांग मानिस', म्हणजे गोड कमी, असे म्हणायला मुलीने आम्हाला शिकवले ते याचसाठी. गरम रस्सा आणि सरबतसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची सवय मला अजिबात आवडली नाही. आणि रोटी करणारा तो तरुण तमिळनाडूतल्या रामनाथपुरमकडचा होता. लग्न होऊन दीड वर्ष झाले, त्यातील चौदा महिने तो एकटाच तेथे होता, असे त्याने माझ्या मुलीला सांगितले. दुपारी चारच्या सुमारास गर्दी ओसरली की तो मागच्या पायरीवर बसून, मांडीवर ताट आणि समोर फोन ठेवून जेवायचा. फोनवर पलीकडे त्याची बायको जेवत असायची. इतक्या कुटुंबांना एकत्र जेवू घालणारा माणूस आपल्या कुटुंबासोबत असा जेवतो, हे पाहून मला वाईट वाटले.

तरीही एक गोष्ट मी मनात घट्ट धरून परतले. त्या अठ्ठावीस दिवसांत मी कमीत कमी दहा वेळा रस्त्याकडेच्या उघड्या जागेत, कधी रात्री दहाच्या पुढे, निवांत बसून जेवले. दोनदा तर मुलगी आणि मी अशा दोघीच होतो. कोणी वळून पाहिले नाही, कोणी आत बसा म्हणाले नाही. शेजारच्या टेबलावरून धूर येत नव्हता, कारण त्या देशात १ जानेवारी २०१९ पासून सर्व खाणावळींत धूम्रपानाला बंदी आहे. स्थानिक पालिका खाणावळींना स्वच्छतेनुसार अ, ब, क अशी श्रेणी देते आणि तिचा फलक दर्शनी भिंतीवर असतो. अन्न हाताळणाऱ्यांना विषमज्वराची लस घ्यावी लागते. सकाळी बसथांब्यापाशी छत्री लावून नासी लेमाकच्या पुड्या विकणाऱ्या बहुतेक बायकाच असत, आणि कामावर जाताना तेथेच उभ्या राहून न्याहारी करणाऱ्याही बायकाच.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आणि माझी जाऊ बँकेचे काम आटोपून येथील एका हॉटेलात चहा-नाश्त्यासाठी शिरलो. दाराजवळचे, वारा लागणारे टेबल रिकामे होते, तेथे बसलो. वेटर पुढे आला आणि अदबीनेच म्हणाला, "बाई, फॅमिली रूम आत आहे." आत म्हणजे जिन्याखालची प्लायवूडने आडोसा केलेली, पडदा लावलेली, दिवसाही दिवा लावावा लागणारी खोली. त्या मुलाची यात काही चूक नाही, त्याला तसेच शिकवले गेले आहे. आजवर मीही निमूटपणे त्या पडद्यामागे गेले आहे. त्या दिवशी मी जागेवरून उठले नाही. जाऊ अवघडली, आजूबाजूचे दोन-तीन गृहस्थ पाहू लागले, आणि आम्ही तेथेच पोहे आणि चहा घेतला. हात धुवायला गेले तेव्हा बेसिनला साबण नव्हता. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, असे विचारल्यावर वेटर मालकाकडे पाहू लागला.

लातूर हे शिकवणी वर्गांचे शहर आहे. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आणि बाहेरूनही मुलेमुली येथे येतात, आणि त्यांचे डबे व मेस चालवणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. माझ्या माहितीतील एक बाई रोज पहाटे चारला उठून साठ डबे भरतात. या शहराची भूक भागवणाऱ्या बाईला याच शहरात उघड्यावर, मानाने बसून चहा प्यायला जागा नसावी? गावोगावीही तेच आहे. चौकातली टपरी म्हणजे पुरुषांची बैठक. बाजारला आलेली बाई चार तास उन्हात हिंडते आणि घरी जाऊनच पाणी पिते.

म्हणून माझे म्हणणे असे की, बाहेरचे खाणे थांबवा किंवा वाढवा, यापेक्षा साध्या माणसांच्या कुटुंबाला सहज बसता येईल अशा जागा निर्माण करण्याकडे आपण लक्ष द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. पथविक्रेता अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला असून नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेते आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, तसेच विक्रीची क्षेत्रे ठरवावीत, अशी त्यात तरतूद आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये देशातील शंभर ठिकाणी स्वच्छ व आरोग्यदायी खाऊगल्ल्यांसाठी प्रत्येकी एक कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती. आपल्या राज्याने २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, म्हणजे सर्वसामान्यांच्या ताटाचा विचार शासन करू शकते हेही आपण पाहिले आहे. लातूरच्या गंजगोलाई या मुख्य बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एखाद्या रस्त्याचा तुकडा आठवड्यातून दोन संध्याकाळी वाहनांना बंद करावा. तेथे बचत गटांच्या आणि मेस चालवणाऱ्या बायकांना गाळे द्यावेत. भरपूर उजेड, वाहते पाणी, साबण, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि बसायला पाठ असलेली बाके एवढी सोय असावी. बिडी-सिगारेट आणि गुटख्याला तेथे सक्त मनाई असावी. पिठले, कडक भाकरी, ठेचा, धपाटे, उसाचा रस एवढ्यावर सुरुवात केली तरी पुरे. आणि ज्यांची हॉटेले आहेत त्यांना विनंती की, फॅमिली रूम ज्यांना हवी त्यांच्यासाठी राहू द्या, पण बाईने कोठे बसायचे हे तिला ठरवू द्या.

महानगरपालिकेला देण्यासाठी आम्ही गल्लीतील चौदा जणींनी या मागणीचा अर्ज तयार केला आहे. त्यावर सर्वांत मोठ्या, सत्याहत्तर वर्षांच्या आजींनी सही करताना विचारले, "तिथं भाकरी कोण करणार?" मी सांगितले, "ज्या करतील त्यांना त्याचे पैसे मिळतील, आणि आपण बसून खायची." त्यांनी सही केली आणि आपल्या सुनेलाही बोलावून आणले.

नांदेड, परभणी, बीड, जालना, हिंगोली, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर येथील भगिनींपैकी कोणाच्या गावात अशी जागा आधीच असेल, तर ती कशी उभी राहिली आणि तिची देखभाल कोण करते, हे त्यांनी आपल्या स्तंभातून कळवावे. आमच्या अर्जासोबत ते पत्र जोडता येईल.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर